कालचा विजेता आज मागे का पडतो?

प्रश्न : रविवारी संध्याकाळी आमच्या घरी फॉर्म्युला वनची शर्यत लागते, कारण मुलगी लुईस हॅमिल्टनची चाहती आहे. सात वेळा जगज्जेता झालेला हा माणूस फेरारीत गेल्यापासून मागेच दिसतो. मुलगी म्हणते गाडी वाईट, तिचा भाऊ म्हणतो माणूस संपला. मला शर्यतीतलं कळत नाही, क्रिकेट कळतं. पण वसई रोड स्टेशनवरून पापडीला येताना रिक्षात आमच्या विरारच्या पृथ्वी शॉवरून अगदी हाच वाद कानावर पडतो. खेळाडू मागे पडतो तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं, हे बाहेरून ओळखता येतं का? आणि त्याच्याबद्दल लोकांची इतकी टोकाची दोन मतं का होतात?
– एक वाचक, पापडी (वसई)

उत्तर : बऱ्याच अंशी ओळखता येतं. मोटार शर्यतीत तर क्रिकेटपेक्षाही नेमकेपणाने ओळखता येतं, कारण तिथे प्रत्येक संघ दोन गाड्या उतरवतो. दोन्ही एकाच कारखान्यात बनलेल्या, इंजिन तेच, टायर तेच. फेरारी आणि मॅक्लारेनच्या गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून हॅमिल्टन मॅक्लारेनवाल्यांच्या किती मागे राहिला यावरून हॅमिल्टनविषयी फारसं कळत नाही. तो शेजारच्या फेरारीच्या किती मागे राहिला, यावरून कळतं. त्यातही शनिवारची पात्रता फेरी पाहावी. रविवारच्या शर्यतीत टायर कधी बदलले, पुढे कोण आडवं आलं, सुरक्षा गाडी कधी बाहेर पडली अशा शंभर गोष्टी मिसळतात. शनिवारी मात्र रिकाम्या रस्त्यावर एक फेरी आणि घड्याळ, एवढंच असतं.

हे माप हॅमिल्टनला लावून पाहू. 2025 च्या मोसमात फेरारीला एकही ग्रां प्री जिंकता आली नाही. म्हणजे गाडी कमी पडली हे तुमच्या मुलीचं म्हणणं खरं आहे. पण त्याच गाडीत शार्ल लेक्लेर वारंवार पहिल्या तिघांत आला आणि मोसमअखेर त्याचे 242 गुण झाले. हॅमिल्टनचे 156, आणि अख्ख्या मोसमात ग्रां प्रीच्या पोडियमवर तो एकदाही उभा राहिला नाही. हा 86 गुणांचा फरक गाडीच्या खात्यावर टाकता येत नाही. ऑगस्टमध्ये हंगेरीत पात्रता फेरीत लेक्लेरने पहिलं स्थान पटकावलं आणि हॅमिल्टन बाराव्या स्थानावर अडकला. त्या दिवशी तो स्वतःच पत्रकारांना म्हणाला की आपण निरुपयोगी ठरलो आहोत, संघाने बहुधा चालक बदलायला हवा. इतक्या मोठ्या चालकाच्या तोंडून असं ऐकणं फार जड गेलं.

मग मुलाचं म्हणणं बरोबर? तेही पुरतं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये शांघायच्या छोट्या शर्यतीत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, हॅमिल्टनने पहिल्या स्थानावरून सुरुवात केली आणि ती जिंकलीही. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2024 मध्ये, सिल्व्हरस्टोनला घरच्या प्रेक्षकांसमोर तो जिंकला होता. हात-पाय आणि नजर खरोखर गेलेला माणूस मधूनच एखाद्या दिवशी जगातल्या सगळ्यांपेक्षा वेगवान होऊ शकत नाही. वेग शाबूत आहे, पण तो हवा तेव्हा बाहेर काढता येत नाही, असं काहीतरी झालं आहे.

ते काय, हे समजायला गाडीत थोडं डोकावावं लागेल. वळणाकडे येताना चालक ताशी तीनशेच्या वेगावरून ब्रेक दाबतो आणि दाब हळूहळू सोडत गाडी वळवतो. ब्रेक नेमका किती आणि कधी सोडायचा, मागची चाकं घसरायला लागली हे पाठीला आणि बुडाला कधी जाणवतं, हे सगळं विचार करण्याच्या आधी घडतं. वर्षानुवर्षं एकाच जातीची गाडी चालवून ते शरीरात मुरतं. हॅमिल्टन मर्सिडीजमध्ये 2013 ते 2024 अशी बारा वर्षं होता. फेरारीत आल्यावर इंजिन, ब्रेक, स्टिअरिंगवरची बटणं आणि कानात बोलणारा इंजिनिअर हे सगळं एकदम बदललं. त्यात 2022 ते 2025 च्या नियमांतल्या गाड्या जमिनीला घासत जाणाऱ्या, ताठ, गाडीखालून वाहणाऱ्या हवेवर भिस्त असलेल्या. अगदी उशिरा जोरात ब्रेक मारून गाडी वळणात फेकायची हॅमिल्टनची जुनी पद्धत या गाड्यांना मानवली नाही. मर्सिडीजमधल्या शेवटच्या वर्षांतही ते दिसत होतं. 2022 आणि 2023 ही दोन्ही वर्षं तो विनाविजय राहिला, आणि 2024 मध्ये शनिवारच्या फेरीत सहकारी जॉर्ज रसेलने त्याला सतत मागे टाकलं. पात्रता फेरीत दोन सहकाऱ्यांतला फरक बहुतेक वेळा सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा असतो. शरीराला विचार करावा लागला की तेवढा वेळ सहज जातो.

वय? तुमचा मुलगा तेच म्हणत असणार. हॅमिल्टनचा जन्म जानेवारी 1985 चा, म्हणजे 2025 चा मोसम त्याने चाळिशीत काढला. पण फर्नांडो अलोन्सो त्याच्याहून वयाने मोठा, 1981 चा, आणि 2023 मध्ये अॅस्टन मार्टिनच्या गाडीत तो आठ वेळा पोडियमवर आला. उलट उदाहरण मिखाएल शूमाखरचं. एकेचाळिसाव्या वर्षी तो 2010 मध्ये परतला, तीन मोसम खेळला आणि अवघा एक पोडियम मिळवून थांबला. त्यामुळे मी वयाला एकट्याला दोष देणार नाही. वय नवी सवय लावून घेणं अवघड करतं, आणि जुन्या सवयीच्या जोरावर तुम्ही जितके जिंकलेले असता तितकी ती सोडवत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सेबास्टियन व्हेटेल, आणि त्याचा कळस आपल्या देशात झाला. 27 ऑक्टोबर 2013 रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर त्याने शर्यत जिंकली आणि सलग चौथं विश्वविजेतेपद नक्की केलं. भारतात ग्रां प्री तीनदाच झाली, 2011 ते 2013, आणि तिन्ही त्यानेच जिंकल्या. त्या दिवशी त्याने प्रेक्षकांसमोर गाडी गोल गोल फिरवली, खाली उतरला आणि गाडीपुढे गुडघे टेकून वाकला. त्या मोसमात त्याने सलग नऊ शर्यती जिंकल्या. वय होतं सव्वीस.

पाच महिन्यांनी नवा मोसम सुरू झाला तेव्हा नियम बदलले होते. हायब्रिड टर्बो इंजिनं आली, आणि एक्झॉस्टच्या गरम हवेचा उपयोग करून मागची चाकं रस्त्याला चिकटवून ठेवायची युक्ती बंद झाली. व्हेटेलची सगळी शैली त्या चिकटलेल्या मागच्या चाकांवर उभी होती. त्याच्या शेजारी त्या वर्षी डॅनियल रिकार्डो आला. मोसमाच्या शेवटी रिकार्डोचे तीन विजय आणि 238 गुण, व्हेटेलचा विजय एकही नाही आणि गुण 167. चार वेळचा जगज्जेता, त्याच संघात, नव्या माणसाकडून हरला. पाच महिन्यांत कोणाची प्रतिभा आटत नाही. जिच्यावर ती चपखल बसली होती ती गाडी गेली होती.

पण व्हेटेलची गोष्ट तिथे संपली असती तर मी ती इतकी सांगितली नसती. तो फेरारीत गेला आणि पुन्हा जिंकू लागला, चौदा शर्यती जिंकल्या. 2018 च्या जुलैत तो गुणांत आघाडीवर होता, होकेनहाइमला घरच्या शर्यतीतही पहिला होता. पन्नासच्या वर फेऱ्या झाल्या होत्या, पाऊस भुरभुरत होता, आणि एका साध्या वळणावर त्याची गाडी सरळ जाऊन भिंतीला लागली. शर्यत हॅमिल्टनने जिंकली, तीही चौदाव्या स्थानावरून सुरुवात करून. त्या दुपारनंतरचा व्हेटेल वेगळा होता. मोन्झा, सुझुका, ऑस्टिन, दुसऱ्या गाडीशेजारी आला की तो गिरकी खाऊ लागला. इथे गाडी बदलली नव्हती, नियम बदलले नव्हते. 2014 ला जे बिघडलं ते शरीराच्या सवयीचं, 2018 ला बिघडलं ते मनातलं. बाहेरून दोन्हीला आपण ‘फॉर्म गेला’ असं एकच नाव देतो, म्हणून आपली भांडणं सुटत नाहीत. पुढे 2019 मध्ये लेक्लेरने गुणांत त्याला मागे टाकलं, आणि 2020 च्या मे महिन्यात फेरारीने त्याचा करार पुढे न नेण्याचं जाहीर केलं.

आता तुमच्या ओळखीच्या मैदानावर येतो. क्रिकेटमध्ये दोन एकसारख्या गाड्या नसतात, पण एकच खेळपट्टी आणि समोर तेच गोलंदाज असतात. पृथ्वी शॉच्या डावांना हे माप लावलं तर रिक्षातला वाद थोडा शहाणा होईल.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये 2013 च्या नोव्हेंबरात विरारहून येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने रिझवी स्प्रिंगफील्डकडून हॅरिस शील्डमध्ये 546 धावा केल्या. पहाटेची विरार लोकल म्हणजे काय हे वसईकराला सांगायला नको. त्या गर्दीत किट सांभाळत, वडिलांचा हात धरून वांद्र्यापर्यंत जाणारं पोर आपल्यातलं होतं, म्हणून तुमच्या भागात त्याच्याबद्दल कोणी अलिप्तपणे बोलत नाही. रणजी पदार्पणात शतक, दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक, फेब्रुवारी 2018 मध्ये कर्णधार म्हणून एकोणीस वर्षांखालील विश्वचषक, आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला राजकोटला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पणात 154 चेंडूंत 134. कसोटी पदार्पणात शतक काढणारा तो सर्वांत तरुण भारतीय, वय 18 वर्षं 329 दिवस.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांतच सिडनीच्या सराव सामन्यात घोटा मुरगळला आणि तो ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून परतला. 2019 मध्ये उत्तेजक चाचणीत टर्ब्युटलीन सापडलं, खोकल्याच्या औषधात असणारा पदार्थ. मंडळाने अजाणतेपणाचं स्पष्टीकरण मान्य केलं, तरी आठ महिन्यांची बंदी झालीच. मग डिसेंबर 2020, अॅडलेड. पहिल्या डावात सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर स्टार्कने त्रिफळा उडवला, शून्य. दुसऱ्या डावात कमिन्सने, चार. लोकांच्या डोक्यात हे दोन डाव एकत्र चिकटले आहेत. सहकाऱ्यांचं माप लावा. दुसऱ्या डावात सगळा भारत 36 धावांत गारद झाला, कोणालाही दोन आकडी धावसंख्या गाठता आली नाही, तेव्हा ते चार पृथ्वीवर ठेवणं अन्याय आहे. पहिल्या डावातलं शून्य मात्र त्याचं स्वतःचं. त्याच खेळपट्टीवर कोहलीने 74 केल्या. बॅट आणि पॅडमध्ये दरवाजा उघडा राहत होता, पुढचा पाय जागेवरून हलत नव्हता, आणि हे जगातल्या प्रत्येक वेगवान गोलंदाजाला दिसलं होतं. मेलबर्नच्या पुढच्या कसोटीत त्याच्या जागी शुभमन गिलचं पदार्पण झालं. एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात गिलच पृथ्वीचा उपकर्णधार होता.

आणि दोनच महिन्यांनी विजय हजारे करंडकात पृथ्वीने 827 धावा केल्या, चार शतकं, त्यातलं एक नाबाद 227. 2023 च्या जानेवारीत गुवाहाटीला आसामविरुद्ध 379. रणजीच्या सगळ्या इतिहासात याहून मोठा डाव एकच, भाऊसाहेब निंबाळकरांचा 1948 मधला नाबाद 443. ‘संपला’ म्हणणाऱ्यांना हे आकडे पुसता येत नाहीत. पण त्याच वर्षीच्या आयपीएलमध्ये आठ सामन्यांत 106 धावा झाल्या, हे ‘अन्याय झाला’ म्हणणाऱ्यांना पुसता येत नाही. हॅमिल्टनच्या शांघायसारखंच आहे हे. वेग आत आहे, पण रोज बाहेर येत नाही.

इथे हॅमिल्टन आणि पृथ्वी यांच्यात एक मोठा फरक मला दिसतो आणि तो टाळून चालणार नाही. हॅमिल्टनच्या मेहनतीवर सहसा कोणी बोट ठेवलं नाही. पृथ्वीला ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळलं गेलं तेव्हा चर्चा तंदुरुस्तीची आणि शिस्तीची होती. महिन्याभराने आयपीएलच्या लिलावात 75 लाखांच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही. 2025 मध्ये एका मुलाखतीत त्याने स्वतः सांगितलं की क्रिकेटला द्यायला हवा तेवढा वेळ आपण दिला नाही, चुकीच्या संगतीत गेलो. मला हा त्याच्या कारकिर्दीतला फार महत्त्वाचा क्षण वाटतो. पंचविशीत असं उघडपणे बोलणं सोपं नसतं, आणि ज्या दोषाचं नाव घेता येतं तो दुरुस्त होण्याची शक्यता तरी असते. त्याच वर्षी तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. ऑक्टोबरात केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात 75. चंडीगडविरुद्ध पहिल्या डावात 8, आणि दुसऱ्यात 222, त्यातल्या पहिल्या दोनशे 141 चेंडूंत. या दोन सामन्यांच्या पहिल्या डावांत त्याचा सहकारी ऋतुराज गायकवाड 91 आणि 116 करून गेला. दोघांचे आकडे शेजारी ठेवले की पृथ्वीचं सगळं दुखणं दिसतं. नवा चेंडू, ताजी खेळपट्टी, ताजे गोलंदाज असताना तो सापडतो. तिथून निसटला की त्याला थांबवणारा देशांतर्गत क्रिकेटमध्ये फार थोडा. डिसेंबर 2025 च्या लिलावात दिल्ली कॅपिटल्सने त्याला पुन्हा घेतलं, त्याच 75 लाखांना.

लोकांची दोन मतं का होतात, हा तुमचा दुसरा प्रश्न. मला वाटतं दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. तुमची मुलगी सांगते हॅमिल्टन किती मोठा चालक आहे, मुलगा सांगतो तो या वर्षी किती वेगाने गेला. दोघांचंही खरं असू शकतं. ज्याने राजकोटचं शतक पाहिलं त्याच्या मनातला पृथ्वी तो आहे. ज्याने क्रिकेट पाहायला सुरुवातच 2022 नंतर केली, त्याने फक्त लवकर बाद होणारा पृथ्वी पाहिला. आणि जो खेळाडू आपल्या गावचा, आपल्या लोकलचा असतो, त्याच्याकडून आपण धावांहून जास्त काहीतरी मागत असतो. त्याने वाया जाऊ नये असं वाटतं. रिक्षात त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडणारा माणूस बहुतेक वेळा 546 च्या दिवशी पेढे वाटणारा असतो. हा राग मायेचाच आहे, पण खेळाडूपर्यंत पोचेपर्यंत त्याची नुसती शिवी होऊ नये, याची काळजी आपण घ्यायला हवी.

व्हेटेलच्या बाबतीत तर मतं पूर्ण उलटलेली दिसली. 2013 मध्ये तो सगळं जिंकत होता तेव्हा मोन्झाला आणि सिंगापूरला पोडियमवर त्याची हुर्यो उडवली गेली. मलेशियात संघाचा आदेश मोडून त्याने सहकारी मार्क वेबरला मागे टाकलं होतं, तो रागही त्यात होता. नंतर अॅस्टन मार्टिनमध्ये तो मधल्या फळीत रेंगाळू लागला, शर्यत संपल्यावर सिल्व्हरस्टोनच्या प्रेक्षक सज्जात उतरून कचरा उचलताना दिसला, आणि 2022 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या विरोधात बोलणारं कोणी उरलं नव्हतं. विजयाची भीती गेल्यावर लोकांना माणूस दिसला. हॅमिल्टनच्या बाबतीतही हे आता थोडं थोडं घडताना मला दिसतं.

आपल्याकडच्या एका चालकाचाही उल्लेख करतो, कारण तुमच्या मुलांना तो माहीत असेल. मुंबईच्या जेहान दारूवालाने डिसेंबर 2020 मध्ये साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली, त्या मालिकेत शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. त्या मालिकेत सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी मिळते, त्यामुळे तिथे गाडीची सबब चालत नाही. चार मोसम झगडून त्याला फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही, आणि तो 2024 च्या मोसमात मासेरातीकडून फॉर्म्युला ई मध्ये उतरला. ‘त्याच्यात तेवढं नव्हतंच’ आणि ‘त्याला संधी दिली नाही’ असे दोन तट त्याच्याही चाहत्यांत आहेत. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा वीसच खुर्च्या होत्या, हे तिथे दोन्ही बाजू विसरतात.

तेव्हा पुढच्या मोसमात घरी वाद निघाला तर शनिवारची फेरी लावा आणि फक्त दोन लाल फेरारींच्या वेळा लिहून ठेवा. पाच-सहा शर्यतींत फरक एका दशांशाच्या आसपास आला, तर हॅमिल्टनचं शरीर नव्या गाडीला सरावलं असं समजा, मग तो रविवारी आठवा आला तरी हरकत नाही. तीन-चार दशांश सतत राहिले तर मुलाचं म्हणणं मानावं लागेल. पृथ्वीचा डाव पाहताना धावफलक थोडा वेळ विसरा. पहिले वीस चेंडू बघा, पुढचा पाय चेंडूपर्यंत जातो का, बॅट आणि पॅडमधून उजेड दिसतो का. धावा मग येवोत न येवोत, त्या वीस चेंडूंत तुम्हाला तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.